आठ वर्षं: बाप्तिस्मा घेतल्यानंतरही पंडिता रमाबाई काय शोधत होत्या?

(ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा मीटिंगमध्ये हेडफोन लावता येत नाहीत, त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तितके काढलेत. काही राहिले असतील, सांभाळून घ्या.)

मागच्या भागावर एका श्रोत्याचा मेसेज आला होता. नाव सांगत नाही, पण प्रश्न सांगते. त्यानं लिहिलं होतं, "धर्म बदलून माणसाला खरंच समाधान मिळतं का, की तो फक्त गट बदलतो?"

मी आधी एक ओळीत उत्तर टाईप केलं. मग पुसलं. मग दुसरं टाईप केलं, तेही पुसलं. कारण माझ्या लक्षात आलं, की मी मत द्यायला निघाले होते आणि माझ्या मताला इथे फार किंमत नाही. मी कोड लिहिणारी बाई, धर्म हा काही माझा विषय नाही. पण इतिहास हा आपल्या पॉडकास्टचा विषय आहे. आणि इतिहासात एक बाई अशी आहे, जिनं नेमका हाच प्रश्न स्वतःला विचारला. विचारलाच नाही फक्त, तर उत्तर काय मिळालं ते लिहूनही ठेवलं. आणि ती आपल्याच गल्लीतली आहे.

पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना एका परिच्छेदात उरकतो: विधवांसाठी शारदा सदन काढलं, केडगावला मुक्ती मिशन काढलं, पुढचा धडा. मी कितीतरी वेळा पुण्याहून दौंडच्या बाजूला गाडीनं गेले असेन, केडगाव स्टेशनची पाटी खिडकीतून पाहिली असेल, आणि कधी डोक्यात आलं नाही की हेच ते केडगाव. (नगरजवळचं केडगाव वेगळं. मी स्वतः कितीतरी दिवस गोंधळ करत होते.)

तर आज रमाबाईंचं पूर्ण चरित्र नाही सांगणार, ते दहा भागांचं काम आहे. आज फक्त एकच धागा धरायचा. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. आणि पुढे १९०७ मध्ये त्यांनी आपली साक्ष लिहिली, 'अ टेस्टिमनी' नावाची छोटी पुस्तिका, तिच्यात त्या सांगतात की बाप्तिस्मा घेतल्यावरही साधारण आठ वर्षं त्यांना हवं ते मिळालं नव्हतं. ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा अर्थाचं त्या लिहितात.

आठ वर्षं, मंडळी. आणि हे कबूल कोण करतंय? जिच्या धर्मांतरावर अख्खा महाराष्ट्र तुटून पडला होता ती बाई. 'चूक झाली' असं म्हणायची किंवा 'सगळं मस्त चाललंय' असं दाखवायची सोय तिच्याकडे होती. तिनं दोन्ही केलं नाही. मला हे वाचून पहिल्यांदा त्यांच्याबद्दल शाळेतल्या आदरापेक्षा वेगळं काहीतरी वाटलं.

आता मागे जाऊ.

रमा जन्मली १८५८ मध्ये, २३ एप्रिलला, पश्चिम घाटातल्या गंगामूळ या जंगलात. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे संस्कृत पंडित. त्यांचा एकच 'गुन्हा': त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं. त्यावरून विरोध झाला, तर त्यांनी गाव सोडलं आणि रानात आश्रम थाटला. आईनं मग रमाला शिकवलं. पुढे पैसा संपला, आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते कायमचंच. देवळात नाहीतर नदीच्या घाटावर बसायचं, पुराण वाचायचं, कोणी दक्षिणा दिली तर जेवायचं. भागवताचे अठरा हजार श्लोक त्या मुलीला पाठ होते.

मग दुष्काळ आला. १८७४ च्या आसपास थोड्याच काळात आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. या लोकांना मजुरी माहीत नव्हती आणि भीक मागणं जमत नव्हतं. जवळ होतं ते देवासमोर ठेवून ते उपास करत राहिले, कारण शास्त्रात तसं लिहिलं होतं. आई गेली तेव्हा प्रेत उचलायला माणसं मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली. ते दोघं, भाऊ श्रीनिवास आणि रमा असे चौघांनी मिळून तिरडी उचलली. रमा उंचीनं लहान, तिचा खांदा बाकीच्यांच्या खांद्याला येईना, म्हणून तिनं आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. मसणवट तिथून जवळजवळ तीन मैल होती.

ही गोष्ट सांगताना मी जरा थांबते नेहमी. कारण पुढची सगळी रमाबाई या तीन मैलांत आहे असं मला वाटतं. माझं मत आहे, इतिहासकार वेगळं म्हणतील.

मग बहीण-भाऊ चालत सुटले. त्यांच्याच हिशेबानं जवळजवळ चार हजार मैल. झेलम नदीच्या काठी थंडीत अंगावर घालायला काही नाही, तर दोघांनी वाळूत खड्डे खणले, कबरीसारखे, आणि गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेऊन रात्र काढली. त्या काळातही दोघं व्रतं, उपास, दर्शनं सगळं नियमानं करत होती. फळ मिळेना. हळूहळू विश्वास उडाला. नास्तिक झाली असं म्हणता येणार नाही, पण जी यंत्रणा लहानपणापासून शिकवली होती ती चालत नाही, एवढं दोघांना कळून चुकलं.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचली आणि तिथे चित्रच पालटलं. संस्कृत बोलणारी वीस वर्षांची मुलगी! पंडितांनी परीक्षा घेतली, 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. आजच्या भाषेत रातोरात व्हायरल.

इथे एक मजेशीर प्रसंग. कलकत्त्यात त्यांना ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याचं बोलावणं आलं. दोघं गेली. चहा-बिस्किटं बघूनच घाबरली, कारण ब्राह्मणांना तिथे खाताना पाहून कलियुग आलंच असं त्यांना वाटलं. मग प्रार्थना सुरू झाली. लोक खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून बसले. समोर मूर्ती नाही, काही नाही. रमा आणि श्रीनिवासनं निष्कर्ष काढला: हे लोक खुर्चीची पूजा करतात! निघताना त्यांना संस्कृत बायबल भेट मिळालं. रमानं उघडून पाहिलं. भाषा इतकी वेगळी वाटली की वाचण्यात वेळ घालवू नये असं ठरवून ठेवून दिलं.

म्हणजे बघा, सुरुवात ही अशी. कोणी जादू केली, कोणी आमिष दाखवलं, असं काही नाही. पुस्तक हातात आलं आणि बाईंनी बंद केलं.

याच कलकत्त्यात एक काम त्यांच्याकडे आलं. पडद्यातल्या बायकांना धर्मशास्त्रांतून स्त्रीधर्म समजावून सांगायचा. त्यासाठी त्या धर्मशास्त्रं मुळातून वाचायला बसल्या. आणि त्या सांगतात, की या ग्रंथांचं आपसात कशावर एकमत नव्हतं, फक्त दोन गोष्टी सोडून. एक, बायका, मग त्या उच्च जातीच्या असोत की नीच, जात म्हणून वाईटच. दोन, त्यांना पुरुषासारखा मोक्ष मिळू शकत नाही. नवरा हाच देव, आणि पुढच्या जन्मी पुरुष व्हायची आशा, एवढंच.

हा अभ्यास त्यांनी भाषण देण्यासाठी केला होता, हे विसरू नका. घरातल्या घरात श्रद्धा ढासळते तेव्हा ती बहुतेक वेळा अशीच, काम करता करता.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी, लग्न नोंदणी पद्धतीचं. संसार आसाममधल्या सिल्चरला. १८८१ मध्ये मनोरमा झाली. सिल्चरच्या घरात पुस्तकं चाळताना त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. या वेळी त्यांनी ती वाचली. एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याकडून आणखी समजून घेतलं. नवऱ्याला कुतूहल आवडलं, पण उघडपणे ख्रिस्ती होणं मान्य नव्हतं. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीनं तो गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती.

चोवीस वर्षांची विधवा, कडेवर मूल. त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढची साक्ष, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक, सगळं त्या एका वर्षात. पुण्याच्या सुधारकांच्या त्या लाडक्या होत्या. आणि मग १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षण घ्यायला त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज इथल्या अँग्लिकन सिस्टरांकडे. आधीच जरा ऐकू कमी येत होतं, त्यामुळे डॉक्टर व्हायचं पुढे राहूनच गेलं.

तिथे त्यांनी एक गोष्ट पाहिली. लंडनमधल्या फुलहॅम भागात या सिस्टरांचं एक घर होतं. ज्यांना समाज 'पतित' म्हणतो अशा बायकांसाठी. त्या बायकांची तिथे कीव नव्हती, शिक्षाही नव्हती. त्यातल्या काही तर आता स्वतः आजाऱ्यांची सेवा करत होत्या. ज्या बाईनं नुकतंच वाचलं होतं की बाईजात मुळातच वाईट, तिला हे बघून काय झालं असेल? तिनं सिस्टरला विचारलं, तुम्ही हे का करता? सिस्टरनं तिला योहानाच्या चौथ्या अध्यायातली गोष्ट वाचून दाखवली, येशू आणि शोमरोनी बाई. विहिरीवर पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली, परक्या जमातीची बाई. आणि येशू तिच्याशीच धर्म आणि उपासना यांबद्दल बोलतो.

रमाबाईंच्या मते पारडं इथे फिरलं. बौद्धिक शंका होत्या, त्या नीलकंठशास्त्री गोरे यांच्या पत्रांनी दूर झाल्या. हे गोरेही आपलेच, काशीत वाढलेले मराठी ब्राह्मण पंडित, ख्रिस्ती झाल्यावर फादर नेहेम्या गोरे. सप्टेंबरच्या शेवटी आई आणि लेक दोघींचा बाप्तिस्मा झाला.

पुण्यात आग लागली. फक्त एक माणूस उघडपणे रमाबाईंच्या बाजूनं बोलला, आणि ते जोतीराव फुले. १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांनी म्हटलं तरी काय, तर शास्त्रं वाचून एखाद्या बाईला ती अन्यायी वाटली आणि ती सोडून गेली, तर दोष कोणाचा? (माझे शब्द, जोतीरावांचे जास्त झणझणीत आहेत.) 'फक्त एक माणूस' हे जरा फेकलं मी, तुरळक इतरही असतील. पण त्यांच्याएवढं ठणकावून कोणी नाही.

आता आपल्या श्रोत्याचा प्रश्न. गट बदलला का? तर हो, कागदोपत्री बदलला. पण नव्या गटात त्या बसल्या का? छे!

सिस्टर जेराल्डीन ही त्यांची धर्ममाता. दोघींची पत्रं छापलेली आहेत, आपल्याच महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९७७ मध्ये छापली. मी ती वाचायला घेतली आणि रात्रीचे दोन वाजले. इतकी भांडणं! रमाबाई मांस खात नाहीत, तर सिस्टरला तो जातीचा गर्व वाटतो. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिनमध्ये कोरलेलं असतं, तर रमाबाई विचारतात संस्कृत का नको, लॅटिनमध्ये असं काय पवित्र आहे जे माझ्या पूर्वजांच्या भाषेत नाही? चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी मुलग्यांना शिकवावं असा विषय निघतो, तर हिंदुस्थानातले बिशप नको म्हणतात, का, तर बाईनं पुरुषांना शिकवलं तर तिकडे तिचं वजन कमी होईल. रमाबाई भडकतात. त्रैक्याचा सिद्धांत, म्हणजे पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे तीन असून एक कसे, हे मला पटल्याशिवाय मी मानणार नाही, असं त्या सरळ लिहितात. एके ठिकाणी तर आशय असा आहे, की मी मोठ्या कष्टानं हिंदुस्थानातल्या पुरोहितांच्या जोखडातून सुटले आहे, आता तसलंच दुसरं जोखड मानेवर घ्यायला तयार नाही.

मला वाटतं आपण या पत्रांवर फार खूश होतो, आणि मीही झाले. बंडखोर रमाबाई, वसाहतवाद्यांना सुनावणारी रमाबाई, स्क्रीनशॉट काढून स्टोरीला टाकण्यासारखी. पण त्या स्वतः मागे वळून या वर्षांकडे बघतात तेव्हा त्यांना दुसरंच दिसतं. वादात मी जिंकत होते पण आत शांतता नव्हती, असं काहीसं. बाप्तिस्मा झाला, श्रद्धा पक्की झाल्याचा विधी झाला, म्हणजे आपण नव्या झालो, पाप धुतलं गेलं, असं त्या धरून चालल्या होत्या. विधी पूर्ण, फळ मिळणार. आणि हा विचार ओळखीचा नाही वाटत? व्रत पूर्ण, फळ मिळणार. दुष्काळात आईवडिलांनी धरलेला तोच धागा, फक्त नवीन कापडात.

माझ्या धंद्यातलं उदाहरण द्यायचा मोह होतोय. सॉफ्टवेअर इन्स्टॉल झालंय, आयकॉन दिसतोय, पण उघडत नाही. फार ताणत नाही हे उदाहरण.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींचा डॉक्टर झाल्याचा पदवीदान समारंभ बघायला. थोड्या दिवसांसाठी गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. इंग्रजीत 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' लिहिलं, ठिकठिकाणी भाषणं दिली, बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि तिनं दहा वर्षं पैसे द्यायचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं. अट ठरलेली होती, इथे धर्मप्रचार नाही. रानडे, भांडारकर असे मोठे लोक सल्लागार मंडळात.

म्हणजे १८९१ साली रमाबाईंकडे काय नव्हतं? वय तेहतीस. जगभर नाव. पैसा. स्वतःच्या मनातलं काम उभं राहिलेलं. लेक सोबत. धर्मसुद्धा स्वतः निवडलेला. आपण ज्याला 'सेट झाली' म्हणतो तशी.

आणि नेमकं याच सुमाराला त्या विल्यम हॅसलॅम नावाच्या इंग्रज पाद्र्याचं आत्मचरित्र वाचतात. या माणसाची गोष्ट विचित्र आहे. तो आधीपासून पाद्री होता, चर्च चालवत होता, आणि पाद्री असतानाच त्याच्या लक्षात आलं की आपल्याला स्वतःला तर अजून काही सापडलेलंच नाही! रमाबाईंना स्वतःचा चेहरा दिसला. त्या लिहितात की मला ख्रिस्ताचा धर्म नको होता, ख्रिस्त हवा होता, आणि हे कळलं तेव्हा मी हताश झाले, कारण माझ्या विचारशक्तीनं इथे काही होणार नव्हतं. आयुष्यभर बुद्धीवर जगलेली बाई हे म्हणतेय.

मग काय झालं? इथे मी तुम्हाला प्रकाशझोत, आकाशवाणी असं काही देऊ शकत नाही, कारण त्यांच्या वर्णनात तसं नाही. त्या सांगतात ते साधं आहे. बायबल पुन्हा वाचलं, या वेळी वाद घालायला नाही. आपण पात्र होऊन मग देवाकडे जायचं, हा हिशेब सोडला. जशी आहे तशी स्वीकारली गेले आहे, हे मानलं. आणि शांतता आली, जी पुढे गेली नाही.

'पुढे गेली नाही', हा दावा मोठा आहे. माणूस १९०७ मध्ये बसून १८९१ बद्दल काहीही लिहू शकतो. म्हणून मी त्यांच्या शब्दांवर न थांबता नंतरची वर्षं बघायला गेले. तिथे गोष्ट अवघड होते.

१८९३. सदनातल्या काही मुली सकाळी रमाबाईंच्या खोलीत प्रार्थनेला बसतात, असं बाहेर आलं. रमाबाईंची बाजू अशी: मी कोणाला बोलावत नाही, पण माझ्या प्रार्थनेच्या वेळी दार लावूनही घेणार नाही. 'केसरी'नं झोडपून काढलं. रानडे आणि भांडारकर बाहेर पडले. पालकांनी वीसेक मुली काढून नेल्या. खरं सांगते, मला यात रानड्यांची बाजूही कळते. विधवा शिक्षणासाठी त्यांनी सनातन्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, मुलींचे बाप त्यांच्या शब्दावर मुली पाठवत होते. घरातली सगळ्यात मोठी, प्रेमळ, विद्वान बाई रोज दार उघडं ठेवून प्रार्थना करत असेल तर आधाराला आलेल्या पंधरा वर्षांच्या विधवेवर त्याचा परिणाम होणार नाही, असं कोण म्हणेल? रमाबाई खोटं बोलत नव्हत्या. पण दार उघडं ठेवणं ही तटस्थता नसते.

तरी एक फरक दिसतो. वाँटेजची रमाबाई असती तर पानंच्या पानं युक्तिवाद आला असता. इथे त्या थोडक्यात बोलल्या आणि उरलेल्या मुलींना घेऊन कामाला लागल्या.

पुढे त्या लोणावळ्याच्या एका ख्रिस्ती शिबिराला गेल्या. बरोबर पंधरा मुली ख्रिस्ती झालेल्या. रमाबाईंनी प्रार्थना केली, की या संख्येचा वर्ग होऊ दे. पंधराचा वर्ग! दोनशे पंचवीस! देवाकडे गणिती भाषेत मागणारी दुसरी व्यक्ती मला तरी माहीत नाही. त्या वेळी सदनात मुली होत्या पन्नासेक, त्यामुळे हा हिशेब कोणालाही वेडेपणा वाटला असता.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः गेल्या. त्यांनी जे पाहिलं त्यात वीस वर्षांपूर्वीची स्वतःची आई होती, बहीण होती, आणि डोक्यावर तिरडी घेतलेली मुलगीही होती. शिवाय अनाथ पोरी पळवणारे दलाल तिथे फिरत होते. त्या मुलींना घेऊन आल्या, शेकड्यांनी. तेवढ्यात पुण्यात प्लेग आला, शहरात एवढी माणसं एकत्र ठेवायला मनाई झाली. मग केडगावची घेऊन ठेवलेली जमीन, तिथे आधी तंबू आणि झोपड्या, मग इमारती. हेच मुक्ती सदन. १८९९-१९०० ला गुजरातेत दुष्काळ पडला, तिथूनही मुली आल्या. १९०० च्या सुमाराला तिथे दोन हजारांच्या आसपास माणसं राहत होती. शेती, विहिरी, विणकाम, तेलघाणा, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी वेगळं घर आणि त्यांना ब्रेल. अमेरिकेतल्या पैशाचा दहा वर्षांचा करार संपला होता. आता रमाबाईंचं धोरण असं, की वर्गणी मागत फिरायचं नाही, प्रार्थना करायची. (अर्थात 'मुक्ती प्रेअर बेल' नावाचं वार्तापत्र निघत होतं आणि परदेशात वाचलं जात होतं. अगदीच हवेतून पैसा येत नव्हता. पण दोन हजार ताटांचा उद्याचा हिशेब आज माहीत नसताना झोप लागणं, हे मला जमलं नसतं. मला एका सर्व्हरच्या अलर्टनं झोप येत नाही.)

आणि ही शांत झालेली बाई सरकारपुढे नमलेली होती असंही नाही. १८९७ मध्ये प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत बायकांचे जे हाल चालले होते त्यावर त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये जाहीर पत्र लिहिलं. गोऱ्या ख्रिस्ती सरकारविरुद्ध, ख्रिस्ती पत्रात, ख्रिस्ती बाईनं.

आता माझी शंका. ती न सांगता हा भाग संपवला तर तुमची फसवणूक होईल. रमाबाईंनी पंचविसाव्या वर्षी निवड केली, आणि तेहतिसाव्या वर्षी पुन्हा. दोन धर्मांची शास्त्रं मुळातून वाचून. दुष्काळातून आलेली नऊ वर्षांची पोर, जिला अन्न, कपडा, शिक्षण, माया सगळं एकाच हातानं मिळतंय, तिची निवड तशीच म्हणायची का? ती मुलगी मेली असती किंवा विकली गेली असती, हे खरं. रमाबाईंना स्वतःला जे सगळ्यात मोलाचं वाटलं ते त्यांनी तिला दिलं, हेही खरं. पण ज्या स्वातंत्र्यानं रमाबाई सिस्टर जेराल्डीनशी भांडल्या ते स्वातंत्र्य मुक्तीमधल्या मुलीला किती होतं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. १९०५ मध्ये तिथे मोठं धार्मिक पुनरुज्जीवन झालं, मुली रात्र-रात्र प्रार्थना करत होत्या, रडत होत्या, जगभर त्याच्या बातम्या झाल्या. वाचताना मला ते भारीही वाटतं आणि थोडं अस्वस्थही.

आणखी एक किंमत आहे, ती महाराष्ट्रानं मोजली. १८८० च्या दशकातली रमाबाई, म्हणजे 'स्त्रीधर्मनीति', अमेरिकेचं मराठी प्रवासवर्णन, ती धारदार समाजचिकित्सा, ती पुढे जवळजवळ थांबली. केडगावनंतर त्यांचं लिखाण मुख्यतः धार्मिक. समाधान मिळालं आणि लेखिका गेली असं म्हणायचा मोह होतो. पण मग मला ते भाषांतर आठवतं.

पंचेचाळिशी ओलांडल्यावर रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक धरलं आणि अख्खं बायबल मुळातून मराठीत आणायला घेतलं. एकटीनं. हेतू हा, की खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला वाचता यावं. त्यासाठी त्यांनी संस्कृत वळणाचे, हिंदू कल्पना चिकटलेले शब्द ठरवून टाळले. लॅटिनऐवजी क्रुसावर संस्कृत हवं म्हणून भांडलेली पंडिता, भागवत पाठ असलेली, आता संस्कृतच बाजूला ठेवतेय! भाषांतर सगळीकडे गोड झालंय असं नाही, काही जागी वाक्य अडखळतं, आणि चर्चमध्ये रोज वाचलं जाणारं बायबल ते झालं नाही. पण जवळजवळ वीस वर्षं, दोन हजार लोकांचा संसार सांभाळून, कान जवळजवळ बंद झालेले असताना, त्या रोज बसत होत्या.

१९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. चाळीस वर्षांची. मुक्तीचा सगळा पुढचा भार तिच्यावर जायचा होता. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा यांच्यानंतर ही शेवटची. १८७४ मध्ये असंच सगळं गेलं तेव्हा त्या मुलीचा देवावरचा विश्वास उडाला होता. या वेळी रमाबाईंनी भाषांतराचं काम चालू ठेवलं. श्रोत्याच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून जास्त पुरावा नाही, आणि याला पुरावा म्हणायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं.

५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. भाषांतर हातावेगळं झालं होतं. पूर्ण बायबल छापून बाहेर आलं १९२४ मध्ये, केडगावच्याच छापखान्यातून. खिळे जुळवायला तिथल्याच बायका होत्या.

तर मंडळी, आजच्यापुरतं इतकंच. पुढच्या भागात याच विषयाची उलटी बाजू: नवऱ्यानं न सांगता धर्म बदलला आणि बायकोनं भांडून, रडून, शेवटी हसून ते सगळं लिहून काढलं, त्या लक्ष्मीबाई टिळक. तोवर 'स्मृतिचित्रे' मिळालं तर वाचून ठेवा. आणि ज्यानं प्रश्न विचारला होता त्यानं ऐकून झाल्यावर मेसेज कर रे, पटलं नाही तरी.